रिकाम्या कोपऱ्याचे कार्ड

मामांना साधी गोष्टही साधेपणाने ऐकता येत नसे. मामी स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "दूध संपलं," की ते पुस्तकातून डोके वर काढून विचारत, "कोण म्हणालं?"

"पातेलं म्हणालं," मामी उत्तर देत. "मला बाजूला घेऊन, कानात."

मग मामा ओशाळत, पिशवी उचलत आणि दूध आणायला निघत. वाटेत स्वतःवरच चिडत. पण शेजाऱ्यांनी उद्या वीज जाणार असल्याचे सांगितले की पुन्हा तेच. शेजारीही आता हुशार झाले होते. ते आधीच सांगून टाकत, "वायरमन म्हणाला. मी स्वतः ऐकलं. जिन्यात."

ही खोड नोकरीतून आलेली. मामांनी उभे आयुष्य एका सार्वजनिक ग्रंथालयात पुस्तकांची कार्डे करण्यात घालवले होते. पुस्तक कुणाचे, कुठे छापले, कितवी आवृत्ती, कोणत्या कपाटात, हे सगळे तळहाताएवढ्या जाड कागदावर बारीक, सरळ अक्षरात लिहायचे आणि ते कार्ड लाकडी खणात अकारविल्हे लावायचे. किती लेखकांची नावे त्यांच्या बोटांखालून गेली याची गणती नाही. त्यातून त्यांच्या मनाने एक गोष्ट पक्की धरली होती. जगात म्हणण्यासारखे जे काही आहे ते कुणीतरी आधीच म्हणून ठेवले आहे, आणि आपले काम ते कुठे ठेवले आहे एवढे सांगण्याचे. कधी चुकून एखादे बरे वाक्य त्यांच्या मनात उमटलेच, तर त्यांना आधी संशय येई, हे आपण कुठे वाचले? ते शोधायला लागत. सापडत नसे. तोवर बोलणे दुसऱ्या विषयावर गेलेले असे आणि वाक्य मनातच जिरून जाई.

मामी अगदी उलट. त्या तरुणपणी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. कानाला हेडफोन, समोर भोकाभोकांचा मोठा बोर्ड, हातात दोरीची पिन. याला त्याच्याशी जोड, त्याला तिच्याशी जोड. आपोआप फोन जोडणारे यंत्र आले आणि त्यांचा सबंध विभाग बंद झाला, पण बोलणे काही बंद झाले नाही. उलट मामांना फोनची धास्ती. वाजला तर ते दुसऱ्या खोलीत जात. घ्यावाच लागला तर सांगायचे तेवढे एका दमात सांगत आणि पलीकडचा माणूस "बरं, आणि—" म्हणेपर्यंत फोन ठेवून मोकळे होत.

या दोघांच्या घरात त्यांची भाची शिकायला राहिली होती. मामांच्या सगळ्यात धाकट्या बहिणीची मुलगी. लहानपणी ती घरभर फिरून बटणे, मणी, तुटके खडू असे काही ना काही उचलून एका कोपऱ्यात नेऊन ठेवायची, म्हणून मामींनी तिचे नाव मुंगी ठेवले. आता ती कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती तरी घरात मुंगीच होती, आणि उचलून नेण्याची सवयही तशीच होती.

शेवटच्या वर्षी प्रत्येकाला एक प्रकल्प करावा लागे. मुंगीने मामींकडे बघून विषय घेतला: टेलिफोन एक्स्चेंजमधल्या बायका आणि यंत्र आल्यावर त्यांचे काय झाले. ती झपाटल्यासारखी कामाला लागली. जुनी वर्तमानपत्रे, खात्याचे अहवाल, निवृत्त बायकांच्या मुलाखती. मिळेल ते टिपत सुटली. टिपणे कुठे? फोनमध्ये, वहीच्या मागच्या पानांवर, पाकिटांवर, आणि एक तर तळहातावर, जे अंघोळीत गेले.

एके संध्याकाळी ती कॉलेजातून आली ती दप्तर टाकून भिंतीकडे तोंड करून बसली.

"काय झालं गं?" मामींनी विचारले.

"बाईंनी सगळ्यांसमोर माझी फजिती केली. म्हणजे त्यांनी नाही केली, माझीच झाली. एका उताऱ्यावर बोट ठेवून विचारलं, हे कुठून घेतलं? मी ऐटीत म्हटलं, फोटो आहे माझ्याकडे. फोटो उघडला तर पान दिसतंय, पुस्तकाचं नाव कुठेच नाही. फक्त माझा अंगठा दिसतोय."

"मग अंगठ्याचा संदर्भ द्यायचा," मामी म्हणाल्या.

मुंगी हसली नाही. मामा खुर्चीत चुळबुळले. कुणाला सल्ला द्यायचा म्हणजे त्यांना संकट. आपल्याला काय कळते, असे वाटे. पण पोरीची पाठमोरी मान बघवेना. ते उठले, माळ्यावरून एक खोके काढले आणि धूळ झटकून टेबलावर ठेवले. ग्रंथालयात संगणक आला तेव्हा उरलेली कोरी कार्डे टाकून देणार होते. ती मामांनी मागून घरी आणली होती. कशाला आणली, हे त्यांनाही कधी सांगता आले नव्हते.

"हे बघ, पटलं तर घे," ते खाली बघत म्हणाले. "एका कार्डावर एकच गोष्ट. दोन लिहायच्या नाहीत. दुसऱ्याचे शब्द असतील तर निळ्या शाईने, जसेच्या तसे, अवतरणात. तुझ्या डोक्यातलं असेल तर पेन्सिलीने. म्हणजे उद्या कार्ड हातात घेतलंस की वाचायच्या आधीच कळेल, हा माल कुणाचा."

"आणि हा वरचा कोपरा?"

"तो सगळ्यात महत्त्वाचा. कोण म्हणालं, कशात म्हणालं, कोणतं पान. आधी कोपरा भरायचा, मग मजकूर."

"माझ्याच डोक्यातलं असेल तर?"

"तर लिहायचं, मी. पण कोपरा रिकामा ठेवायचा नाही."

"अहो, म्हणजे 'कोण म्हणालं' आता छापील झालं म्हणा की," मामी म्हणाल्या. "इतकी वर्षं मीच ऐकत होते."

मुंगीने एक कार्ड उचलले, उलटेपालटे केले आणि कोपऱ्यात निळ्या शाईने मामींचे नाव घातले. "बोल मामी. बोर्डावर दिवा लागला की तुम्ही सगळ्या पहिलं काय म्हणायच्या?"

तेव्हापासून त्या घराचे रूपच बदलले. जेवणाच्या टेबलाचा अर्धा भाग कार्डांनी घेतला. मामांनी बुटांच्या खोक्यांना कप्पे करून दिले: नोकरीत भरती, कामाच्या वेळा, पगार, गमती, यंत्र आल्यानंतर. मुंगी कार्डे विषयवार लावू लागली. वेगळ्या एका कप्प्यात प्रत्येक पुस्तकाचे, प्रत्येक वर्तमानपत्राचे, प्रत्येक मुलाखतीचे एकेक कार्ड, म्हणजे शेवटी संदर्भांची यादी करायला रडायला नको. सुरुवातीला ती दहादा विचारायला यायची. मग मामाच तिच्याकडे बघायला जायला लागले. चहाचा कप घेऊन ते तिच्या मागे उभे राहत आणि ती एका कार्डावरून दुसऱ्या कार्डावर कशी जाते ते पाहत. दोन अहवालांतला एक आकडा जुळत नव्हता, तो तिने कोपरे वाचून पकडला. दुसऱ्या अहवालाने तो पहिल्यातूनच उचलला होता आणि उचलताना चुकवला होता. मामांनी त्या दिवशी चहा थंड होऊ दिला. छाती भरून येणे म्हणजे काय, हे त्यांनी खूप ठिकाणी वाचले होते. कुठे कुठे, तेही त्यांना सांगता आले असते. स्वतःला तसे झाल्यावर मात्र त्यांना वाटले, रक्तदाब तपासून घ्यावा.

मामींचे वेगळेच चालले होते. त्या रोज आपली कार्डे मोजायच्या.

"माझा सबंध कप्पा भरला," त्या मामांना ऐकवायच्या. "तुमचं एक तरी आहे का हो?"

"माझं कशाला असेल? मला त्यातलं काय माहीत?"

"तेही खरंच. फोन वाजला की तुम्ही पलंगाखाली."

"मी पलंगाखाली कधीच गेलो नाही."

"कोण म्हणालं?" मामी विचारायच्या, आणि मुंगी खो खो हसायची.

असे महिने गेले. प्रकल्प लिहून होत आला. कॉलेजात एक पद्धत होती: दरवर्षीच्या प्रकल्पांतला एक निवडून, बांधून, कॉलेजच्या ग्रंथालयात ठेवायचा. त्याला क्रमांक मिळे, यादीत नोंद होई. ही गोष्ट मुंगीने सहज सांगितली, पण मामांच्या मनाने ती घट्ट पकडली. दुसऱ्यांच्या पुस्तकांच्या नोंदी करण्यात त्यांचा जन्म गेला होता. आपल्या घरातल्या माणसाच्या नावाची नोंद! हा विचार आला की ते घाईघाईने दुसरे काहीतरी वाचायला घेत.

तपासणीला आठवडा राहिला आणि मुंगी धावत घरी आली. मामी तेव्हा आपल्या बहिणीकडे गेल्या होत्या. बहिणीच्या गुडघ्याचे ऑपरेशन होते.

"मामा, बाईंना मसुदा आवडला. पण नुसता आवडला नाही. शेवटच्या प्रकरणात एक वाक्य आहे ना, ते त्यांनी दोनदा वाचलं. म्हणाल्या, हे शेवटी का दडवून ठेवलंस? हे उचल आणि अगदी पहिल्या पानावर घाल. याच्यावर तुझा सगळा प्रकल्प उभा आहे. असं लिहिलंस तर ग्रंथालयात तुझाच जाईल."

"कोणतं वाक्य?"

तिने 'यंत्र आल्यानंतर' या कप्प्यातून कार्ड काढून दिले. मामांनी चष्मा वर केला. पेन्सिलीने घाईत लिहिले होते:

'यंत्र आलं आणि फोन पटकन लागायला लागले, पण लागला नाही, तर "थांबा हं, मी पुन्हा बघते" असं म्हणणारं आता कुणी नाही.'

मामांनी ते वाचले. पुन्हा वाचले. बाई म्हणतात ते खोटे नव्हते. खात्याचे सगळे अहवाल एका बाजूला आणि हे वाक्य एका बाजूला. आपल्या मुंगीला हे सुचले? ते अभिमानाने तिच्याकडे बघणार, एवढ्यात त्यांची नजर सवयीने वरच्या कोपऱ्याकडे गेली.

कोपरा रिकामा होता.

"मुंगे," ते हळूच म्हणाले, "इथे काही लिहिलं नाहीस तू."

तिने कार्ड घेतले. तिच्या चेहऱ्यावरचा आनंद हळूहळू उतरला. "पेन्सिलीने आहे. म्हणजे माझंच असणार."

"असणार."

"पण माझं असतं तर मी 'मी' लिहिलं असतं. माझ्या सगळ्या कार्डांवर 'मी' आहे." ती खुर्चीत बसली. "मामा, मला हे लिहिल्याचं आठवतच नाहीये. अक्षर माझं आहे. पण सुचलं कधी, कुठे, काही आठवत नाही. मला एखादी गोष्ट सुचली की मी दिवसभर नाचते. ही सुचली असती तर तू ऐकलं असतंस."

मामांना ते पटत होते, आणि पटू नये असेही वाटत होते. त्यांना मनापासून हवे होते की वाक्य तिचेच निघावे. त्यांनी कार्ड उजेडात धरले. एक कड फुगून लाटेसारखी झाली होती, चहा सांडल्यासारखी, पण डाग नव्हता. त्यावरून काही कळेना.

दुसऱ्या दिवशी मुंगीने बाईंना सांगितले. बाई प्रेमळ होत्या. त्या म्हणाल्या, "अगं, पेन्सिल म्हणजे तुझं, हा तुझाच नियम आहे ना? मग कशाला जीव टांगणीला लावतेस? मी एवढं वाचते, मला हे कुठे दिसलेलं नाही. घाल बिनधास्त."

"तुम्हाला दिसलं नाही म्हणजे ते माझं झालं, असं नाही ना बाई," मुंगी म्हणाली. हे तिने घरी येऊन मामांना सांगितले तेव्हा तिला थोडी भीती वाटत होती, उद्धटपणा झाला का म्हणून. मामा उठून खिडकीपाशी गेले आणि रस्ता बघत राहिले, कारण तोंडावरचे हसू त्यांना आवरत नव्हते.

मग दोघे कामाला लागले. प्रत्येक स्रोताचे कार्ड होतेच, त्यामुळे कुठे कुठे शोधायचे ते माहीत होते. पुस्तके पुन्हा आणली. मामा अहवाल वाचायचे, मुंगी मुलाखतींची ध्वनिमुद्रणे ऐकायची. निवृत्त ऑपरेटर बायकांना तिने एकेकीला फोन केला. त्यांना वाक्य फार आवडले, दोघी तर रडल्या, पण आपण तसे म्हटल्याचे कुणीच कबूल करेना. एकीने तर म्हटले, "मी म्हटलं नाही गं, पण तू लिहून टाक मी म्हटलं म्हणून. मला चालेल."

"बघ, मोह सगळ्यांनाच होतो," मुंगी म्हणाली.

राहता राहिल्या मामी. "ती असं म्हणू शकते," मामा म्हणाले. "हे 'थांबा हं' तिचंच वाटतं." मुंगीच्या फोनची बॅटरी उतरली होती, म्हणून मामांनी धीर गोळा केला आणि स्वतः घरातल्या फोनवरून मामींना लावला. पलीकडे हॉस्पिटलचा गलका होता. मामांनी कार्ड डोळ्यांसमोर धरून वाक्य एका दमात वाचले आणि विचारले, "हे तू म्हणालीस का?"

"मी? छे, मी नाही म्हणाले, ते तर—"

"बरं," मामा म्हणाले आणि फोन ठेवला. मुंगीकडे वळून त्यांनी मान हलवली. "ती नाही म्हणते."

शोध संपला होता. सगळे कप्पे धुंडाळून झाले होते. मुंगी कार्ड पुढ्यात घेऊन टेबलाशी बसली. मामा समोर बसले. त्यांना म्हणावेसे वाटत होते की बाळा, एवढं शोधूनही कुठे सापडलं नाही, म्हणजे ते तुझंच आहे. वाक्य जिभेवर आले होते. पण ते खरे आहे का, हे त्यांना माहीत नव्हते, आणि खरे नसलेले एखादे वाक्य तिला द्यावे, एवढा त्यांचा स्वतःवर विश्वास नव्हता.

"काढून टाकते," मुंगी शेवटी म्हणाली.

"पहिल्या पानावरून?"

"सगळीकडून. ज्याचं आहे त्याचं नाव मला लिहिता येत नाही, मग मी ते वापरायचं नाही. बाकी प्रकल्प माझा आहे. तो त्याच्याशिवाय उभा राहिला तर राहील. नाही राहिला तर ग्रंथालयात दुसऱ्या कुणाचा जाईल." तिने डोळे पुसले आणि ते कार्ड कप्प्यांबाहेर, टेबलाच्या कडेला ठेवले. "तूच म्हणालास ना, कोपरा रिकामा ठेवायचा नाही."

मामांना त्या क्षणी वाटले, ग्रंथालयाची नोंद गेली तरी चालेल. त्यांनी आयुष्यात पुष्कळ कार्डे केली होती, पण ती सगळी तयार पुस्तकांची होती. ही पोरगी त्यांच्यासमोर तयार झाली होती. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

तपासणीच्या आदल्या दिवशी दुपारी मामी परतल्या. पिशव्या दारातच ठेवल्या, पाणी प्यायल्या, बहिणीच्या गुडघ्याची हकिकत सांगितली आणि मग टेबलाच्या कडेचे ते कार्ड त्यांना दिसले.

"हे इथे का पडलंय?"

मुंगीने सगळे सांगितले. वाक्य काढून टाकले, तेही सांगितले. मामी आधी ऐकत होत्या. मग त्यांची मान हळूहळू मामांकडे वळली.

"अहो."

"काय?"

"तुम्ही मला फोनवर काय विचारलंत?"

"तू म्हणालीस का, ते विचारलं. तू नाही म्हणालीस."

"मी म्हणाले, 'मी नाही म्हणाले, ते तर—' आणि तुम्ही फोन ठेवलात. नेहमीसारखा. जन्मभर लोकांचे फोन जोडले मी, आणि माझ्याच घरात माझा फोन असा तुटतो. इतरांना बारा महिने तेरा काळ विचारता, कोण म्हणालं, कोण म्हणालं. मला तेवढंच विचारायचं राहिलं तुमचं?"

"मग कोण म्हणालं?" मुंगी उभी राहिली.

"हे म्हणाले."

मामांनी मागे वळून पाहिले. मागे कुणी नव्हते.

"तुम्ही हो, तुम्ही," मामी म्हणाल्या. "नळाला पाणी नव्हतं त्या सकाळी. मी म्हटलं पाणीखात्याला फोन करा, माझे हात पिठात आहेत. तुम्ही केलात. तिकडून यंत्र बोलायला लागलं, तक्रारीसाठी एक दाबा, बिलासाठी दोन दाबा. तुम्ही त्याच्याशी 'नमस्कार' म्हणून बोलायला लागलात. ते ऐकेना. बराच वेळ तुम्ही हे दाब, ते दाब केलंत आणि फोन ठेवून म्हणालात. माझ्याकडे बघून नाही, फोनकडे बघूनच. हे सगळं. शब्दन्‌शब्द."

मुंगीने डोळे मिटले. "आणि मी इथे बसले होते. खोक्यांवर नावं घालत. हातात पेन्सिल होती."

"आणि तू म्हणालीस, थांब मामा, परत म्हण. तेवढ्यात—"

"तेवढ्यात पाणी आलं," मुंगी म्हणाली. "नळ उघडाच राहिला होता. स्वयंपाकघरभर पाणी. आपण सगळे बादल्या घेऊन धावलो." तिने कार्ड उचलले आणि त्याच्या फुगलेल्या कडेवरून बोट फिरवले. "म्हणून कोपरा राहिला. हे हातातच होतं, म्हणून भिजलंय."

मामांचा चेहरा पडला होता. "छे," ते म्हणाले. "मी कुठेतरी वाचलं असेल."

"आपण सगळं शोधलं मामा. कुठेच नाही."

"मग त्यातलं 'थांबा हं' हिचं आहे. हीच म्हणायची. ग्रंथालयातून दुसऱ्या गावच्या ग्रंथालयाला फोन लावायचा असला, की मी घाबरत घाबरत नंबर सांगायचो. लागायचा नाही. मी ठेवून देणार, तेवढ्यात ही म्हणायची, थांबा हं, मी पुन्हा बघते. तेव्हा मला हिचं नावही माहीत नव्हतं."

"तेवढे शब्द माझे," मामी म्हणाल्या. त्यांचा आवाज अचानक मऊ झाला होता. "ते मी सोडणार नाही. बाकीचं तुमचं. मला तर यंत्र आलं तेव्हा सुटल्यासारखं झालं होतं, कान दुखायचे. मला कसं सुचेल हे? ज्याला फोन लागायचा नाही त्यालाच सुचणार."

"मुंगे, हे बघ," मामा अजिजीने म्हणाले. "तू लिहून घेतलंस. नाहीतर ते गेलंच होतं. मला आठवतही नव्हतं. म्हणजे एका परीने ते तुझंच झालं. राहू दे तुझ्या नावावर. मला काय करायचंय?"

मुंगीने त्यांच्यापुढे कार्ड ठेवले आणि हातात निळे पेन दिले. "दुसऱ्याचे शब्द आहेत. निळ्या शाईने. मी मजकूर उतरवते, कोपरा तू भर."

"मी?"

"तुझं अक्षर माझ्याहून चांगलं आहे."

मामांनी पेन धरले. इतक्या नावांची कार्डे लिहिलेला हात कोऱ्या कोपऱ्यावर थबकला. मामी शेजारी येऊन उभ्या राहिल्या. मामांनी बारीक, सरळ अक्षरात आपले नाव लिहिले. आडनाव आधी, मग नाव, जसे इतर सगळ्यांचे लिहीत आले होते तसेच. त्याखाली लिहिले: तोंडी, घरी, स्वयंपाकघरात. मग थोडा विचार करून आणखी एक ओळ घातली, की आतले अवतरण पत्नीचे, एक्स्चेंजमधले.

"म्हणजे माझं आणखी एक कार्ड झालं," मामी म्हणाल्या.

वाक्य परत गेले, थेट पहिल्या पानावर.

तपासणी कॉलेजच्या लांबट खोलीत होती. घरच्यांना मागे बसायची परवानगी होती. मामा शेवटच्या रांगेत, दाराजवळ बसले, म्हणजे गरज पडली तर बाहेर जाता येईल. मुंगी पुढे उभी राहिली. तिने पहिले पान उघडून ते वाक्य वाचले, आणि लगेच, श्वासही न घेता, म्हणाली, "हे वाक्य माझं नाही. माझ्या मामाचं आहे."

बाहेरून आलेले परीक्षक चष्म्यावरून बघू लागले. "मामा टेलिफोन खात्यात होते?"

"नाही सर. खात्यात मामी होती."

"मग मामांचा या विषयाशी संबंध काय?"

"ते फोनला घाबरतात," मुंगी म्हणाली.

खोलीत हशा पिकला. मामांचे कान तापले. त्यांनी दाराकडे पाहिले, पण मामींनी त्यांची बाही धरून ठेवली होती.

मुंगी मात्र हसली नव्हती. "सर, ऑपरेटर बायकांनी मला सांगितलं की त्या काय करायच्या. खात्याने सांगितलं की त्यांच्या जागी काय आलं. पण त्या गेल्यामुळे काय गेलं, हे ज्याला त्यांची गरज पडायची त्याच माणसाला माहीत होतं. तो एकच साक्षीदार मला मिळाला, आणि तोही मी हरवला होता. कसा हरवला आणि कसा सापडला, ते शेवटच्या टिपणात लिहिलंय."

परीक्षकांनी शेवटचे टिपण काढून वाचले. मग संदर्भांची यादी. तिच्यावरून त्यांचे बोट सावकाश खाली जात राहिले, एकेका नोंदीवर थांबत. मामांनी तसे बोट ओळखले. ज्याला यादी वाचता येते त्याचेच बोट असे चालते. बोट खालपर्यंत गेले, कुठेही अडले नाही. परीक्षकांनी वही मिटली आणि बाईंकडे बघून मान डोलावली.

सगळे उठले तेव्हा बाई वाट काढत मागे आल्या. मुंगी त्यांच्यामागून येत होती, गालांवर लाली. बाईंनी आधी मामींना नमस्कार केला, मग मामांना. "हिचाच प्रकल्प ग्रंथालयात ठेवायचं ठरतंय," त्या म्हणाल्या. "बांधायला देण्याआधी एक विचारून घेते. नोंदीत चूक नको. पहिल्या पानावरचं ते वाक्य, ते खरंच तुम्हीच म्हणालात ना?"

मामांना खूप काही सुचले. की कदाचित कुठे वाचले असेल. की पोरीने लिहून घेतले म्हणून राहिले. की त्यातले निम्मे दुसऱ्याचेच आहे. त्यांनी मुंगीकडे पाहिले. ती त्यांच्याकडे अशी बघत होती, जसे ते इतके महिने चहाचा कप हातात घेऊन तिच्याकडे बघत आले होते.

"हो," मामा म्हणाले. "मी म्हणालो."

मग त्यांना राहवले नाही, त्यांनी मामींकडे बोट केले. "ही साक्षीला आहे."